बर्फ आणि गरम पाणी

बर्फाचा ट्रे हातात घेतला की मला एक तपास आठवतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. नाशिकला एसटी स्टँडजवळच्या चौकीचा मी प्रभारी होतो. वरिष्ठांची भेट ठरली होती, म्हणून निम्मा स्टाफ कुंड्यांना गेरू लावत होता. त्यात सायखेड्याकडचे एक शेतकरी आले. मुलीची हळद परवावर आलेली, आणि सराफाकडून आणलेल्या दागिन्यांची पिशवी चोरीला गेलेली.

ते दागिने दाखवायला ओझरला व्याह्यांकडे निघाले होते. स्टँडवर एका इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाने सांगितले, की सदऱ्याला मागे च्युइंगगम चिकटलंय, गरम पाण्याने लगेच निघेल. त्यानेच चहाच्या टपरीवरून पाणीही आणून दिले. काका सदरा काढून चोळत राहिले, गम पसरत गेला, आणि बाकड्यावरची पिशवी गेली.

मी विचारले, तसेच बसमध्ये का नाही बसलात?

"इवायाच्या दारात असल्या सदऱ्यानं कसं जायचं, साहेब?"

मी तक्रार लिहून घेतली.

टपरीवाल्याने खबर दिली आणि तो इस्त्रीवाला संध्याकाळी सापडला. मी तर मदत केली, ही एकच ओळ तो शांतपणे म्हणत राहिला. मदत करणे हा गुन्हा नाही. त्या सदऱ्याचा पंचनामा करताना थोडा गम माझ्या पँटला लागला. घरी जाऊन बायकोकडे गरम पाणी मागितले.

"अहो, गरम पाण्यानं आणखी मुरेल ते. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने कापडावर बर्फ धरला. गम कडक झाल्यावर चमच्याच्या दांड्याने खरवडून काढला. मी बघत बसलो होतो. तपास तिथेच लागला, हे तिला माहीत नव्हते.

सकाळी धुतलेल्या पँटला मी स्वतःच गम चिकटवला, इस्त्रीवाल्यासमोर बसलो आणि हवालदाराला गरम पाणी आणायला सांगितले. कपड्यांची हौस असलेल्या माणसाला राहवले नाही.

"गरम नको साहेब, पँट वाया जाईल. बर्फ लावा."

"काकांना का नाही सांगितलंस?"

आपल्याच तोंडाने सापडलो, हे त्याला कळले. मग त्याने पिशवी उचलणाऱ्या साथीदाराचे नाव सांगितले. पिशवी जप्त झाली, कोर्टाने दागिने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, काकांना दिले, आणि हळदीच्या सकाळी ते घरी पोचले.

मला प्रशस्तिपत्रक मिळाले. त्यावरची सही कोणाची, हे वाळवीला ठाऊक. केस डायरीत बायकोचा उल्लेख नाही, तसा रकानाच नसतो. दुसऱ्यांदा गम लागलेली पँट पाहून ती एवढेच म्हणाली होती, "परत? आता बर्फ संपला."

एक गोष्ट मात्र शिकलो. खरी मदत करणारा माणूस आपल्याला लवकर मोकळे करतो.

ती जाऊन सहा वर्षे झाली. परवा बागेतल्या बाकावर बसलो आणि पँटला गम लागला. घरी येऊन बर्फ धरला, चमच्याने खरवडला. स्वच्छ निघाला. सवयीने आतल्या खोलीकडे बघून म्हणालो, "निघालं गं."

मग ट्रे पुन्हा भरून ठेवला.