आत्याबाईंनी गूळ खाल्ला नव्हता

आत्याबाई शुगरनं गेल्या नाहीत.

हे आधीच लिहिते, कारण गेल्या वर्षी भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी तेच विचारलं. "शुगर होती ना?"
होती. चोवीस वर्षं होती, त्यातली बारा इन्सुलिनवर.
पण हरली ती शुगर. आत्याबाई नाही.

आज वर्ष झालं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. हिंगणघाटच्या आमच्या मोहल्ल्यात सगळे त्यांना गोधडीवाली आजी म्हणायचे. कुणाचं जुनं लुगडं, कुणाची फाटकी चादर, यांच्या हातात आली की महिन्याभरात गोधडी तयार. टाका असा सरळ की पट्टी लावून बघा.

आणि आज मला एक कबुली द्यायची आहे.
या बाईला मी चोर ठरवलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रोज सकाळी उपाशीपोटी मशीन लावायची आणि आकडा यायचा अडीचशे. कधी दोनशे सत्तर.
रात्रीचं जेवण एक भाकर आणि भाजी. डॉक्टरांनी डोस वाढवला. परत वाढवला. आकडा ढिम्म हलेना.

त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलं. "आधी सकाळची शुगर खाली आणा."
तोवर त्यांना सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. मी शाळेत शिकवायला जायच्या आधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. दहा संपल्या की त्या माझी वाट बघत नुसत्या बसून राहायच्या.

आणि मी काय करत होते? चौकशी.

"आत्याबाई, काय खाल्लं रातच्याले?"
"काई नाई खाल्लं वं बाई."
"मंग शुगर काय हवेतून आली?"

गुळाचा डबा मी कपाटात कुलुपबंद केला. आंजी गावी माझ्या आईला फोन केला, "चोरून खातेत वं माय, दुसरं काय!"
वळून बघते तर आत्याबाई मागंच उभ्या.
भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी मेल्यावर तरी माह्यं खरं मानजो."

ते वाक्य मला अजून टोचतं.

तिसऱ्यांदा ऑपरेशनची तारीख मागायला गेलो, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं एक साधा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.
"आजी, इन्सुलिनची सुई कुठं घेता? दाखवा बरं."

आत्याबाईंनी पदर सरकवून डावीकडे बोट ठेवलं. चोळी आणि नऊवारीच्या मधली चार बोटं जागा.
"रोज इथंच?"
"मंग! सुईसाठी लुगडं सोडून बसू काय? आन् तिथं दुखत बी नाई."

सिस्टरनं दाबून पाहिलं. मग माझा हात धरून तिथं ठेवला.
कातडीखाली लिंबाएवढी घट्ट गाठ.

एकाच जागी टोचून टोचून तिथली चरबी निबर झाली होती. औषध आत जात होतं, पण रक्तात धड पोचत नव्हतं.
"आजी चोरून खात नाहीत, मॅडम. त्यांचं इन्सुलिन अडकून पडतंय."

माझी मान खाली गेली. आत्याबाईंची वर.

डॉक्टरांनी आधी डोस कमी केला. ताज्या जागी तेच इन्सुलिन जोरात लागतं, शुगर एकदम उतरू शकते, म्हणून. पहिले पंधरा दिवस दिवसातून चारदा मशीन. गाठीवर सुई अजिबात नाही, आणि दर वेळी नवी सुई, नवी जागा.

"जागा कशी ध्यानात राहीन तुमच्या?" मी विचारलं.
"अवं, गोधडी शिवतो मी! एका टाक्यावर दुसरा टाका घालतो काय कधी?"

घरी आल्या आल्या त्यांनी वीतभर गोधडी शिवायला घेतली. चार खाने. दोन पोटाचे, दोन मांड्यांचे. प्रत्येक खान्यात जाड लाल दोऱ्याच्या ओळी. त्यात एक सेफ्टी पिन. सुई घेतली की पिन एक बोट पुढं. पिन जिथं, आजची सुई तिथं.

आणि एका सकाळी खोलीचं दार उघडलं. आयुष्यभर गाऊनला नावं ठेवणारी बाई माझा फुलाफुलांचा गाऊन घालून उभी!
"काऊन हासून राह्यली वं? मांडीले सुई घ्या लागते ना!"

दोनशे तीस.
एकशे नव्वद.
एकशे साठ.

आणि महिन्याभरानं, सकाळी सहा वाजता, एकशे चोवीस.

मी नाचायचीच बाकी होते. आत्याबाई शांत. मोबाईल माझ्या हातात दिला.
"लाव तुह्या मायले फोन. स्पीकरवर."

लावला.
"माय, आत्याबाई खात नोत्या वं. माहीच चूक होती."
"अजून एकदा सांग," आत्याबाई म्हणाल्या, "त्याईले कमी आयकू येते."
माझ्या आईला चांगलं ऐकू येतं. तरी मी दुसऱ्यांदा सांगितलं. मग तिघीही हसत सुटलो.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी सुई मागितली. पहिल्याच फटक्यात दोरा आत. माझ्याकडं असं पाहिलं की जसं काही वर्ल्ड कप जिंकला.

पुढं सात गोधड्या झाल्या. एकही सुई मी ओवलेली नाही.

ऐंशी पूर्ण करून, एका दुपारी जेवून आठवी गोधडी घेऊन बसल्या आणि बसल्या जागी हृदय थांबलं. त्या सकाळची शुगर एकशे अठरा होती. मीच लिहिली होती.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांना एकच सांगते. घरच्या म्हाताऱ्या माणसावर ओरडण्याआधी त्याच्या सुईच्या जागेवर एकदा हात फिरवून बघा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा.

आत्याबाई, तुम्ही म्हणाला होतात, मेल्यावर तरी खरं मानजो.
तुम्ही असतानाच मानलं. स्पीकरवर मानलं, दोनदा.
आज सगळ्यांसमोर तिसऱ्यांदा सांगते. तुम्ही गूळ खाल्ला नव्हता.

तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.