मी न ओढलेली रेघ

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आमच्या अब्बांचं गोंडपिपरीत घड्याळदुरुस्तीचं दुकान. बंद पडलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत काहीतरी कारण असतं, हे बघतच मी मोठी झाले. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं गेली. कारण सापडलं की लिहू, असं म्हणत राहिले... ते सापडलंच नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. त्या वर्षी एका दिवंगत गुरुजींचा संग्रह कॉलेजला मिळाला. गुरुजी शाळामास्तर. सुट्टी लागली की सायकल काढायचे आणि जवळच्या पोंभुर्ण्यापासून थेट दूर जंगलातल्या भामरागडपर्यंत गावोगाव हिंडायचे. लोकांची गाणी टेप करायचे, फोटो काढायचे, पत्रं-कागद जमवायचे. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं — आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो — अकरा पेट्या भरून आमच्याकडं पाठवल्या.

आमचे ग्रंथपाल वाढई सर. त्यांना कुणीतरी माइंड मॅपिंग सॉफ्टवेअरची सीडी दिली होती. स्क्रीनच्या मधोमध एक गोल, त्याला फांद्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या. मधल्या गोलात मी गुरुजींचं नाव टाकलं. मग फोटो, कॅसेटी, पत्रं अशा फांद्या आणि त्यांच्यावर एकेक गाव. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. दोन लांबच्या वस्तूंचा संबंध असेल तर मधून तुटक रेघ ओढता यायची. ती सोय मी तोवर एकदाही वापरली नव्हती.

एका सकाळी फाइल उघडली तर त्या फांद्यांच्या नकाशात एक तुटक रेघ होती. एका टोकाला भामरागडकडच्या आश्रमशाळेतल्या मुलींचा ग्रुप फोटो, दुसऱ्या टोकाला पोंभुर्ण्याजवळच्या गावची कॅसेट — ‘रोवण्याची गाणी’, म्हणजे भातलावणीची. दोन्हींचा काही संबंध नव्हता. चुकून माऊस ओढला गेला असेल म्हणून मी ती पुसली, फाइल सेव्ह केली. अकराला लोडशेडिंग सुरू व्हायचं, त्याआधी कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच खोलीत खिडकीजवळ बसून पत्रं लावत राहिले.

तीनला लाइट आली. कॉम्प्युटर सुरू केला. रेघ परत तिथंच.

फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. बारा वाजून चाळीस मिनिटं! त्या वेळी अख्ख्या गावात लाइट नव्हती. आमचा यूपीएस कधीचा मेलेला. आणि मी तर त्या टेबलापासून चार हातांवर बसले होते...

वाढई सर म्हणाले, “मशीनचं घड्याळ बिघडलं असन.”

मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

“सर, तुमी तर नाई ना केलं?”

“मी काऊन करू? मले तं ते सुरू करता येत नाई.”

रेघ मी परत पुसली नाही. का, ते सांगता येत नाही. कॅसेट मात्र ऐकली. पहिल्या बाजूला खरंच रोवण्याची गाणी होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गाणं संपलं आणि एक माणूस बोलू लागला — “गुरुजी, तुमी तिकडं भामरागडले जाता म्हणून सांगून राह्यलो. माही मोठी बहीण, सोमी, तिकडं बांबू तोडाले गेली ते परत आलीच नाई. तिकडच्याच माणसासंगं राह्यली म्हणते. बानं घरात तिचं नाव घेऊ देलं नाई. कुठी दिसली तं सांगजा.”

कॅसेटवर गाव होतं, माणसाचं नावही होतं. मारोती. फोटो पर्समध्ये घालून मी एसटीनं त्या गावी गेले. मारोतीभाऊ साठीचे झाले होते. मी एवढंच विचारलं, “भाऊ, यात कोणी ओळखीचं आहे का?” कुणाकडं बोट दाखवलं नाही. फोटोत चौदा मुली होत्या.

त्यांनी तो उन्हात धरून पाहिला. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीवर अंगठा ठेवला.

“हे सोमी नाई,” ते म्हणाले. “पण हा चेहरा माह्या मायचा आहे.”

फोटोमागं नावं होती. ती मुलगी सुनीता. आश्रमशाळेला फोन केला. तिथल्या जुन्या शिपायाला ती आठवत होती. आता ती भामरागडच्या अलीकडच्या एका गावात अंगणवाडीत होती. आणि तिच्या आईचं नाव सोमी.

पावसाळा लागला की तिकडचे रस्ते बंद, म्हणून मे महिन्यातच निघालो — मारोतीभाऊ, त्यांचा मुलगा आणि मी. पोचलो तेव्हा सोमीबाई अंगणात मोहाच्या टोळी, म्हणजे बिया, वाळत घालत होत्या. मारोतीभाऊंनी स्वतःचं नाव सांगितलं. सोमीबाईंनी हातातल्या टोळी खाली ठेवल्या. मग पहिला प्रश्न —

“माय हाये का?”

“गेली. लय वर्सं झाली.”

“माह्यं नाव घे का ते?”

“बा घरी नसला का घे.”

सोमीबाई तिथंच खाली बसल्या. मारोतीभाऊही त्यांच्या शेजारी मातीत बसले. सुनीतानं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. आम्ही दोघी बराच वेळ बाहेर आलो नाही.

परतल्यावर मी बाईंकडं गेले. वाटलं, सोमी कुठं आहे हे गुरुजींना नंतर कळलं असेल, कुठंतरी नोंद असेल, ती वाचून मीच नकळत ती रेघ ओढली असेल. बाईंनी नकारार्थी मान हलवली. “ह्यायले समजलं असतं तं त्याच दिवशी सायकल काढली असती.” तरी मी अकराही पेट्या पुन्हा उपसल्या. एक ओळ सापडली नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. येताना बसमध्ये मारोतीभाऊंनी विचारलं होतं, “ताई, तुमाले हे कसं समजलं?” मी म्हणाले, “गुरुजींच्या कागदांत लिहिलेलं होतं.” त्यांनी हात जोडले. पुढं त्यांनी घरात गुरुजींचा फोटो लावल्याचं कळलं.

ते खोटं मला अजून खुपतं. कितीदा वाटलं, जाऊन खरं सांगावं. पण खरं म्हणून नेमकं काय सांगायचं... ते मला आजही माहीत नाही.