पाइप कोरडा, कारखाना रेडी

"टीचर, रेडी मीन्स व्हॉट?" लिन साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली.

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द होते, उजवीकडे चिनी अक्षरं. 'रेडी'पुढची अक्षरं त्यांनी दोनदा लिहून दोनदा खोडली होती.

"रेडी मीन्स प्रिपेअर्ड," मी म्हणालो. "नो वर्क रिमेनिंग."

"फाउंडेशन रेडी. आय गो, सिमेंट वेट. इलेक्ट्रिक रेडी. आय गो, नो वायर." मग त्यांनी खिडकीतून शेडकडे बोट दाखवलं. "हिअर, रेडी मीन्स व्हॉट?"

मी वही त्यांच्याकडे परत सरकवली.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. जळगावजवळच्या एका पाइप कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. धुळ्याच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी घरातला पहिलाच. वडील पहूरला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि मुलगा 'इंग्रजी खात्यात' आहे असं सगळ्यांना सांगायचे. त्यांना काय सांगू, की मुलगा अजून प्रोबेशनवर आहे, म्हणजे कच्चा आहे! शेठनी नवं मशीन तैवानहून आणलं, सोबत ते बसवून देणारे लिन साहेब आले. त्यांचं इंग्रजी माझ्याहून थोडं होतं. शेठ म्हणाले, "तायडे, यांना कामापुरतं इंग्रजी शिकव. ट्रायल नीट झाली की तुझं पर्मनंटचं लेटर."

मी रोज एक विशेषण शिकवायचो. पुस्तकी पद्धत त्यांच्यापुढे चालली नाही. त्यांना शब्द हाताला लागायला हवा. नट आवळून 'टाइट', ढिला करून 'लूज'. हीटरजवळ हात नेऊन 'हॉट'. पावडर चिमटीत चोळून 'ड्राय', पाण्यात बोट बुडवून 'वेट'. 'रेडी'ला मात्र हात लावायला काहीच नव्हतं. तिथेच माझी शिकवणी अडली.

त्यात आमचे फोरमन नाना. धुळ्याकडचे, वयाने मोठे, मनाने त्याहून मोठे. मी नवा असताना महिनाभर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला खाऊ घातली. काहीही विचारा, सगळं तयारच आहे म्हणायचे. नानांचं उत्तर एकच : "बठ्ठं रेडी शे!"

एकदा मी त्यांना एकीकडे घेतलं. "नाना, झालं नसेल तर नाही म्हणा ना. ते वहीत लिहून घेतात."

"आरे मास्तर, इतला दूरथून येल मानूस. पाव्हनाले नही कसं सांगानं?"

यात खोटेपणा नव्हता. आमच्याकडे पाहुणा दारात आला की 'स्वयंपाक झालाच' म्हणतात आणि मग चूल पेटवतात. पाहुणाही ते समजून ओट्यावर पान खात बसतो. मशीनला ही रीत माहीत नव्हती.

हे मशीन म्हणजे मोठा सोऱ्याच. आत पीव्हीसीची पावडर तापून मऊ होते आणि तोंडातून गरम पाइप बाहेर येतो. तो लगेच गार पाण्याच्या टाकीतून जावा लागतो, नाहीतर त्याचा लोळागोळा होतो. मशीन मध्येच बंद केलं तर आतला माल करपतो. माल पुढे ढकलणारा लांबलचक स्क्रू खराब झाला तर दुसरा तैवानहून बोटीने येणार.

ट्रायलच्या सकाळी शेठनी मला विचारलं, "सगळं रेडी?"

मी नानांकडे बघितलं. नानांनी मान डोलावली.

"रेडी, शेठ," मी म्हणालो.

अकरा वाजता मोठे व्यापारी आले. हार झाले, नारळ फुटला. लिन साहेब बटणापाशी उभे राहिले.

"वॉटर रेडी?"

"रेडी शे, साहेब!" नाना.

लिन साहेबांचा हात बटणाकडे गेला नाही. ते माझ्याकडे वळले. "टीचर, वॉटर रेडी?"

मी नानांच्या कानाशी लागलो. "नाना, पाणी चालू आहे ना?"

"व्हईच जाई. प्लंबर चोपडाथून निंघेल शे."

"निघालाय? कशाने?"

"यष्टीमा."

एका बाजूला ज्यांची भाकरी खाल्ली ते नाना. दुसऱ्या बाजूला शेठ, ज्यांना मी सकाळीच 'रेडी' सांगून बसलो होतो. आणि समोर माझा विद्यार्थी.

"नॉट रेडी, सर," मी म्हणालो. "प्लंबर इज इन द बस."

व्यापाऱ्यांच्या माना शेठकडे वळल्या. शेठचा चेहरा हीटरसारखा झाला.

लिन साहेब मात्र हसले. त्यांनी खाली वाकून पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी हात धरला. "मॉर्निंग आय टच. ड्राय. यू टीच मी, ड्राय." म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं. कारखान्यात पुस्तकातलं 'रेडी' कोण बोलतो, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग नानांनीच प्रसंग सावरला. "चला, चला, भरीत-पुरी तयार शे!" ती मात्र खरोखर तयार होती. व्यापारी जेवले, पुन्हा जेवले. प्लंबर तीनला उतरला. चारला पाणी आलं. लिन साहेब पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी हात धरून म्हणाले, "वेट. कोल्ड. रेडी." बटण दाबलं. पांढरा, सरळ, गुळगुळीत पाइप टाकीतून बाहेर आला. सगळ्यात जोरात टाळ्या नानांनी वाजवल्या.

संध्याकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"हो शेठ. चुकलं."

"चूक ती नाही. सकाळी मला रेडी म्हणालास, ती चूक." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "जा. टायपिस्टकडून लेटर घे. मी सांगितलंय."

मी धावतच गेलो. टायपिस्ट अक्का चहा पीत होत्या.

"अक्का, माझं लेटर?"

"रेडी आहे की!"

मी हात पुढे केला. "द्या, हात लावून बघतो."

अक्का हसल्या, कप बाजूला ठेवला आणि मशीनला कोरा कागद लावला. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत मी तिथून हललो नाही.