नारळावरचा गोल्फ

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात एका शेळीचे दात बघत होतो. शेळीवाला दर सांगत होता, कानाला मोबाईल होता, आणि मला दोन्हीकडचं काही कळेनासं झालं. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि संपलं... देशातल्या भल्याभल्यांना हरवणारा गोल्फचा चॅम्पियन, आणि शाळेत एका बाकावर बसणारा माझा दोस्त. आता दोन महिने होत आले, तरी त्याच्यावर चिडावंसं वाटतं. निघताना सांगून जायची पद्धत असते की नाही?

दत्तू फौजेत भरती झाला तो पैलवान म्हणून. तिथं कुणा साहेबानं त्याच्या हातात गोल्फची काठी दिली आणि गडी तिकडचाच झाला. पुढं कप जिंकले, टीव्हीवर आला, त्याची पांढरी टोपी आणि झुबकेदार मिशी गावातल्या मोबाईलांवर झळकायला लागली. मी आपले टोमणे मारायचो, की हा साहेबलोकांचा खेळ, मैलभर हिंडायचं आणि मधेच एखादा टोला हाणायचा. तो नुसता हसायचा.

निवृत्त होऊन गावी आला ते जत्रेच्या तोंडावर. आमच्या जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. सुरुवातीच्या कुस्त्या नारळावर लागतात, मग इनामं वाढत जातात. पंचांत मीही असतो. आखाड्याशेजारच्या कांदा निघालेल्या रानात दत्तूनं गोल्फ दाखवायचं ठरवलं. या खेळात टोला मारणाऱ्याभोवती चिडीचूप राहावं लागतं, हे आम्हाला काय ठाऊक? पैलवान उतरला की हलगी वाजवायची, ही आमची रीत. दत्तूनं काठी उगारली आणि हलगीवाल्यानं त्याच्या मानासाठी हलगी कडाडवली. चेंडू तिरका सुटला तो थेट रेवड्यांच्या ढिगात. मी कपाळाला हात लावला. दत्तू मात्र निवांत चालत गेला, चेंडूबरोबर मूठभर रेवड्या उचलल्या आणि त्या चघळत परत आला. हलगीवाला ओशाळून थांबला होता. त्याला म्हणाला, "थांबू नगंस, वाजीव. आपल्या रानात आपल्याच रीतीनं खेळायचं." मग रानाच्या टोकाला एक नारळ ठेवला. ज्याचा चेंडू त्याच्या सगळ्यात जवळ थांबेल, नारळ त्याचा.

तिथून जी झुंबड उडाली! सुताराकडून बाभळीच्या काठ्या करून घेतल्या. कुस्त्या बायका लांबूनच बघायच्या. इथं दत्तूनं पहिली बाभळीची काठी स्वतःच्या आईच्या हातात दिली. ऊसतोडीला आलेल्या बायकांना तो सांगायचा, बुडातून ऊस तोडताना हात जातो तसाच जाऊ द्या. ज्याच्याशी बोलेल त्याला वाटावं, चॅम्पियन खास माझ्यासाठीच आलाय. मला त्याचीच धास्ती वाटायची. गेल्या जत्रेनंतर बोलून दाखवली, "लोक तुला बघाया येत्यात दत्तू, खेळाला न्हाई. तू नसलास की समदं बंद पडंल."

तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "मलाबी त्येचंच भ्या वाटतं."

यंदाची जत्रा आली. गोल्फ ठेवावा की नको, यावर पंचांत बराच खल झाला. शेवटी दत्तूच्या बायकोचा, वहिनींचा निरोप आला, नारळ आमच्या घरचा, खेळ थांबवू नका. रानाच्या कडेला दत्तूचा फोटो हार घालून ठेवला, आणि मी जीव मुठीत धरून रस्त्याकडं बघत बसलो. लोक आले. टेम्पो भरभरून आले, ओळखीचे थोडे आणि अनोळखीच फार. नारळ जिंकला तो बेलापूरकडून आलेल्या एका सुनेनं. पदर खोचून तिनं असा काही टोला दिला, की पंच असूनही मी टाळ्या पिटायला लागलो. नारळ हातात घेताना तिचं लक्ष फोटोकडं गेलं.

"मामा, ह्यो फोटो कुनाचा?"

क्षणभर मला रागच आला. खेळायला शिकलीस कुठं, असं जरा तिरसटपणेच विचारलं. ती म्हणाली, सासरी मळ्यात, नणंदेनं शिकवलं, तिकडं सगळेच खेळतात... आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. डोळे भरून आले. दत्तू, ऐकलंस का रे? फुकट भ्यालो आपण दोघंही.

हा खेळ यांनीच इकडं आणला, असं मी तिला सांगितलं. तिनं नारळ काखेत धरून फोटोला हात जोडले. "लई बरं केलं त्येंनी," म्हणाली, आणि काठी घेऊन पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.