बदली आलीया

पोलिसाच्या घरात ‘बदली’ हा शब्द जेवताना काढू नये, घास अडकतो. माझ्या लहानपणी मात्र तो आमच्या घरात गोड होता. आप्पा माधवनगरच्या सूतगिरणीत बदली कामगार होते. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी राबायचं, नाहीतर फाटकावरूनच घरी परत. ‘आज बदली लागली’ असं म्हणत ते आले की आई त्यांच्या चहात साखर जास्त घालायची. पोलिसात भरती झाल्यावर मी हे सगळं विसरून गेले.

गेल्या वर्षी मी वाईला होते. आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन मिरजेला ठरलं आणि नेमका तेव्हाच घाटावर उत्सवाचा बंदोबस्त लागला. ठाण्यात महिला पोलीस आम्ही दोघीच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. माझा रजेचा अर्ज ‘बंदोबस्तानंतर’ असा शेरा घेऊन परत आला. इकडे आप्पा फोनवर म्हणाले, “तू आल्याबिगर मी आत जायाचा न्हाई. डाक्टरला सांगितलंय.” डॉक्टरांनी तर उशीर करू नका म्हणून बजावलेलं. पण आप्पा हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत.

मी हजेरी मास्तरांकडे गेले. कुणी कुठं ड्यूटी करायची हे आमच्या ठाण्यात तेच लावतात. निवृत्तीला आलेले हवालदार, आमच्याच सांगलीकडचे, आप्पांची गिरणी माहीत असलेले, तोंडाने फटकळ. “माणसं हायत कुठं? झाडाला लागत्यात व्हय?” एवढंच म्हणाले. मी मनात त्यांना जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी घाटावर बायकांची रांग सांभाळत होते. लाउडस्पीकरच्या कलकलाटात मास्तरांचा फोन आला. “पोरी, तुजी बदली आलीया. लगीच ठाण्यात ये.” आणि कट.

माझं डोकंच फिरलं. रजा तर नाहीच, वर बदली! शेजारच्या जवानाला रांग बघायला सांगून मी तरातरा ठाण्यात गेले आणि सगळ्यांदेखत कडाडले, “मास्तर, तिकडं माझा बाप ऑपरेशनला थांबलाय आणि तुम्ही माझी बदली करता?”

“कुणी केली बदली?”

“तुम्हीच म्हणालात, बदली आली.”

मास्तरांनी बाकाकडे बोट केलं. तिथं खाकीतली एक होमगार्ड बाई बुटाची नाडी बांधत बसली होती. “ही बग, आलीया की. साहेबांना इचारलंय, तुज्या जागी हुबी ऱ्हातीया. गिरणीवाल्याची लेक तू, आन् तुला बदली कळंना?”

ठाणं हसलं. मीही हसले आणि हसता हसता डोळे पुसले. बंदोबस्ताला माणसं कमी पडली की होमगार्ड मदतीला येतात. ही एरवी वाईतच ब्लाऊज शिवायची. “जावा ताई तुमी,” ती म्हणाली, “रांगंचं मी बघती.” मी वर्दीतच धावत स्टँड गाठलं.

मिरजेला पोचले तेव्हा आप्पा कॉटवर फुगून बसले होते.

“सुट्टी दिली व्हय?”

“न्हाई आप्पा. बदली मिळाली.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “च्या पाजलास का बदलीला?”

गिरणीत रीतच होती. ज्याच्या जागी बदलीवाला राबला, त्याने आधी त्याला चहा पाजायचा. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आप्पांनी मास्तरांकडून तिचा नंबर घ्यायला लावला आणि फोन स्वतःच्या कानाला धरला. “पोरी, मी बी बदलीच हुतो. पाय दुखलं तर पायरीवर टेक जरा. कोण काय म्हनत न्हाई.” ती काय बोलली मला ऐकू आलं नाही, पण आप्पा खूप दिवसांनी हसले. सकाळी एका शब्दाची कुरकुर न करता आत गेले.

डॉक्टर बाहेर येऊन “सगळं छान झालं” म्हणाले आणि मी होते तिथंच फरशीवर बसले. वर्दीतली बाई रडते म्हणून लोक बघत होते. बघू देत. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर आप्पांनी कोरड्या ओठांनी विचारलं, “पाजलास?”

“पाजते. आधी तुमी बरं व्हा.”

तो चहा शेवटी आप्पांनीच पाजला, वाईला येऊन, टपरीवाल्याला तिच्या कपात साखर जास्त घालायला लावून.