लोकरीवरची गाणी

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या शेजारी एक गाणारी बाई राहायची. तिला लहानाचं मोठं केलं तिच्या मावशीने. मावशी मूळच्या स्कॉटलंडच्या एका बेटावरच्या. तिथल्या गेलिक भाषेतली गाणी त्यांच्याकडून घ्यायची आणि त्यांची इंग्रजी पॉप गाणी करायची, हा शेजारणीचा उद्योग. मी पोटासाठी कोड लिहितो आणि हौस म्हणून रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे आयताच तिच्या तावडीत सापडलो.

मावशी वृद्धाश्रमात होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं, "ही कामाची गाणी. ओलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून टेबलावर आपटताना बायका म्हणायच्या. एका कापडावर एक गाणं एकदाच. तेच पुन्हा म्हटलं की अपशकुन."

आता पॉपमध्ये धृपद पुन्हा पुन्हा आलं नाही तर ऐकणार कोण? मी मावशींच्या आवाजातलं धृपद कापून चार ठिकाणी चिकटवलं आणि सांधे कळू नयेत म्हणून मधले श्वास काढून टाकले. त्यावर शेजारीण इंग्रजी शब्द गायली. झकास जमलं होतं, खोटं कशाला बोलू! मावशींना मात्र ते ऐकवायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

पुढच्या रविवारी मावशींना ते गाणं आठवेना. वय झालं, म्हटलं. दुसरं गाणं केलं, तर तेही गेलं. मग तिसरं.

"हे क्रीपी आहे यार," बायको म्हणाली. "स्टॉप करा ना सगळं!"

मी तिची टर उडवली. पण हेडफोन कानाला लावायची मलाही भीती वाटायला लागली होती.

मावशींकडे एकच गाणं उरलं होतं. मावशींनी घर कायमचं सोडलं तेव्हा त्यांच्या आईने बंदराच्या धक्क्यावर म्हटलेलं. शेजारणीला ते पॉपसाठी नको होतं, स्वतःजवळ ठेवायला हवं होतं. त्या दिवशी मी माइक नेला नाही.

तिने मावशींचा हात हातात घेतला. "मावशी, आईचं गाणं म्हण ना."

मावशींनी डोळे मिटले, दुसरा हात टेबलावर आपटत ठेका धरला आणि गायला लागल्या. इंग्रजीत. आमचंच धृपद.

शेजारीण रडायला लागली. मी मात्र मावशींच्या छातीकडे बघत होतो. चारही वेळा त्यांनी ते धृपद पुरं म्हटलं, मध्ये एकदाही श्वास न घेता.