शाळेचा जिना

माझ्या मुलीचा डावा पाय तापानंतर लुळा पडला तेव्हा ती तीन वर्षांची होती. सातव्या वर्षी मी तिला मुलींच्या शाळेत घालायला नेलं. राज्य इंग्रजांचं, शाळा गावच्या म्युनिसिपल कमेटीची, भरायची भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. जिना उभा नि अंधारा, धरायला नुसता दोर. खालची मोठी खोली कोरडी, हवेशीर होती. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांच्या काचा, शिड्या आणि रॉकेलचे डबे ठेवलेले असत.

मोठ्या बाईंना मी म्हटलं, "पहिलीचा वर्ग खाली घ्या."

"खाली दिवे आहेत."

"मग दिवे वर न्या. त्यांना थोडंच शिकायचंय?"

बाई हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "कमेटीत अर्ज करा."

अर्ज ह्यांनी लिहिला, कचेरीत मी नेऊन दिला. तिथला कारकून लोधीपुऱ्यातला, आमच्याच गल्लीतला. "वहिनी, फिकीर नका करू," म्हणाला, "तुमचं काम झालं समजा."

तीन महिन्यांनी चपराशी दारात आला. "लंगड्या पोरीचं घर हेच ना? इतवारी सकाळी तिला घेऊन या. भांडं घरचं आणा."

दर रविवारी कमेटी आंधळ्या-पांगळ्या भिकाऱ्यांना ज्वारी वाटायची. त्या यादीत माझ्या मुलीचं नाव घातलं होतं.

मी तशीच कचेरीत गेले. कारकून मला पाहून खुशीत हसला. त्याला वाटलं, आभार मानायला आले.

"भाऊजी, माझी मुलगी घरी पोटभर जेवते. तिला शाळेत बसायचंय."

"रागावता काय, वहिनी? पांगळ्या पोरांसाठी कमेटीजवळ हीच एक यादी आहे. मी साहेबांच्या हातापाया पडून नाव घातलं. लोक वर्ष वर्ष थांबतात."

"नाव काढा. आणि खालची खोली द्या."

"पायाने अधू पोर लिहायला शिकून काय करणार?"

"तुम्ही काय पायाने लिहिता?"

बाकीचे कारकून हसले. नाव काढलं. खोली दिली नाही. त्याने लबाडी केली असती तर मला इतका संताप आला नसता. त्याने मनापासून उपकार केले होते.

मग मी तिला उचलून न्यायला लागले. सकाळी वर, संध्याकाळी खाली. मधल्या वेळी तिला कोण उतरवणार? संडास खाली होता, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. हे तिने मला सांगितलं नाही. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली, वैद्यांनी खोदून विचारलं, तेव्हा कळलं. पुढे दुपारीही मी एक चक्कर मारू लागले. स्वयंपाक पहाटे उरकायचा.

लोक म्हणत, काय माय आहे. त्या कौतुकाची मला चीड यायची. एक खोली रिकामी करायला कोणी पुढे येत नव्हतं, कौतुकाला मात्र सगळे हजर.

तिसरीपर्यंत तिचा नंबर वरचा होता. चौथीच्या सुरुवातीला एक दिवस ती पाठीवर असताना जिन्यात माझा पाय घसरला. माझं मनगट मोडलं, तिच्या कपाळाला खोक पडली. मनगट बरं झालं, पण त्या हातात पूर्वीचा जोर आला नाही आणि ती दहा वर्षांची, चांगली अंगाने भरलेली. तिला उचलायला दुसरी बाई लावून पाहिली. ती आठ दिवसांत पळाली.

"आई, आता नको," मुलगी म्हणाली. तेव्हापासून ती घरीच राहिली.

महिन्याभराने शाळेने नाव कमी केलं. मी दाखला आणायला गेले. कारण म्हणून लिहिलं होतं: पालकांची इच्छा नाही.

"हे खोडा," मी मोठ्या बाईंना म्हटलं. "जिना लिहा."

"जिना हे कारण होत नाही, बाई."

"तीन वर्षं मी रोज तेच कारण चढले."

बाईंनी दाखल्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. शेवटी त्यांनी ओळ खोडली आणि ती जागा कोरी ठेवून सही केली. तेवढंच त्या करू शकत होत्या. तो अर्धा कोरा दाखला घेऊन मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून चौथीची पुस्तकं मीच तिच्यापुढे उघडली. मला स्वतःला दुसरीपुढचं येत नव्हतं.